ताबा कोणाचा, उत्तरदायित्व कोणाचे?

(रस्ता सुरक्षा महिन्याच्या निमित्ताने धाराशिव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



महामार्गावरील अपघाताच्या बातमीत एक वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने हा अपघात घडला.’ या एकाच वाक्यात चौकशी पूर्ण होते, निकाल लागतो आणि वाचकाचे समाधानही होते. चालक चुकला, बाकी सर्वजण मोकळे! गेल्या काही वर्षांत मात्र या वाक्याला अडचणीत टाकणारी एक गोष्ट आपल्या रस्त्यांवर आली आहे. चालकाच्या जोडीने आता वाहनही रस्ता पाहते, समोरच्या गाडीचे अंतर मोजते, प्रसंगी स्वतःच ब्रेक लावते. तेव्हा ताबा सुटला असे म्हणताना तो नेमका कोणाचा सुटला, हे यापुढे विचारावे लागणार आहे.

हा प्रश्न मुंबई-पुण्याचा, आपल्या जिल्ह्याशी त्याचा काय संबंध, असे कोणास वाटेल. परंतु सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी करीत छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ आणि नळदुर्ग, उमरगा मार्गे हैदराबादकडे जाणारा क्रमांक ६५ हे दोन्ही रस्ते आपल्या दारावरून जातात. नव्या यंत्रणेच्या मोटारी याच रस्त्यांवरून धावतात. उसाने भरलेली ट्रॉली याच रस्त्याने जाते आणि आई भवानीच्या दर्शनाला पायी निघालेला भाविकही याच रस्त्याने चालतो. या तिघांची गाठ रात्रीच्या अंधारात पडते, तेव्हा काय होते, हा आजचा विषय आहे.

सहायक म्हणजे सारथी नव्हे

या यंत्रणेला इंग्रजीत ‘अडास’ असे लघुनाम आहे. चालकाला साहाय्य करणारी प्रगत प्रणाली, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या काचेमागे बसवलेला कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे आणि वाहने ओळखतो. बंपरमागचे रडार समोरच्या वस्तूचे अंतर व वेग मोजते. संगणक या दोहोंची सांगड घालून धोका दिसताच इशारा देतो आणि चालकाने काहीच केले नाही तर ब्रेक लावतो. गाडी पट्टा सोडून भरकटू लागली, तर स्टिअरिंग हलकेच वळवून तिला परत जागेवर आणतो. डुलकी लागलेल्या चालकाच्या बाबतीत असा एखादा इशारा जीव वाचवू शकतो, यात शंका नाही. म्हणूनच मोठे ट्रक आणि बसगाड्यांना आपत्कालीन ब्रेक व डुलकीचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची करण्याचे प्रारूप केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. या दिशेचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि, वाहन अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वयंचलनाचे शून्य ते पाच असे टप्पे ठरवले आहेत, ते समजून घेणे अगत्याचे आहे. भारतात २०२० मध्ये ‘एमजी ग्लॉस्टर’ आणि २०२१ मध्ये ‘महिंद्र एक्सयूव्ही ७००’ या मोटारींपासून जी यंत्रणा सामान्य ग्राहकाच्या परिचयाची झाली, ती फार तर दुसऱ्या टप्प्याची आहे. या टप्प्यात यंत्र हातभार लावते. रस्त्यावर नजर ठेवण्याचे काम मात्र सर्वस्वी चालकाचेच राहते. यंत्र येथे सहायक आहे, सारथी नव्हे. लगाम ज्याच्या हाती असतो तो सारथी. त्याची जागा सहायकाला देऊन जो डोळे मिटतो, तो रथही गमावतो आणि रथीही.

माणसाच्या मनाचा एक धर्मही येथे लक्षात घेतला पाहिजे. १९८३ साली लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विदुषीने स्वयंचलनातील विसंगतीवर एक निबंध लिहिला. सोपी कामे यंत्राकडे गेली की माणसाचा सराव सुटतो आणि लक्ष विचलित होते. आणि यंत्राला न झेपणारा सर्वांत कठीण क्षण मात्र त्याच बेसावध माणसाच्या हाती येतो, हा त्यातील विचार होता. त्या काळी कारखाने व विमाने डोळ्यांसमोर होती. आज तो विचार आपल्या महामार्गावर येऊन उभा आहे.

जगाचा अनुभव

१८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात टेंपी या शहरी, ‘उबर’ कंपनीच्या चाचणीच्या स्वयंचलित मोटारीने हातात सायकल धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली. ती मरण पावली. तेथील राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने केलेल्या चौकशीत असे आढळले की, पादचाऱ्यांसाठी आखलेल्या पट्ट्यांच्या बाहेरून कोणी रस्ता ओलांडील हे त्या प्रणालीच्या रचनेत गृहीतच धरलेले नव्हते. गाडीतील देखरेख करणारी चालकही त्या वेळी रस्त्याकडे पाहत नव्हती. खटला चालला तो त्या चालकावर. कंपनीवर फौजदारी आरोप ठेवले गेले नाहीत.

पुढे वारे बदलले. फ्लोरिडात २०१९ मध्ये ‘टेस्ला’ मोटारीच्या अपघातात एका तरुणीचा मृत्यू झाला होता. त्या प्रकरणी ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या न्यायालयातील ज्यूरीने दोषाची वाटणी केली : चालक ६७ टक्के, कंपनी ३३ टक्के. चालक सुटला नाही आणि कंपनीलाही सुटू दिले नाही. ब्रिटनने २०२४ मध्ये स्वयंचलित वाहनांसाठी स्वतंत्र कायदा केला. वाहन खरोखरच स्वतः चालत असेल, तेव्हा त्या चालण्याचे दायित्व यंत्रणेला मान्यता मिळवणाऱ्या संस्थेवर राहील, अशी त्यात तरतूद आहे. उत्तरदायित्व कोणा एकाच्या गळ्यात बांधून मोकळे होता येत नाही, याची जाणीव जगाला होऊ लागली आहे.

एक महाराष्ट्रातील उदाहरण

परदेश कशाला? ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. मोटार जगातील उत्तम सुरक्षा साधनांनी युक्त अशी मर्सिडीज होती. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागे बसलेले दोघे गेले. मागच्या दोघांनी सुरक्षापट्टा लावलेला नव्हता.

या प्रकरणात वाहनानेच साक्ष दिली. त्यातील नोंदी काढल्या असता, धडकेपूर्वी पाच सेकंद वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि धडकेच्या क्षणी ८९, असे कंपनीच्या अहवालाच्या आधारे पोलिसांनी सांगितले. चालकावर गुन्हा नोंदवला गेला. न्यायवैद्यक तज्ज्ञांच्या पथकाने मात्र पुलाच्या सदोष रचनेकडेही बोट दाखवले. तीन पदरी रस्ता तेथे एकाएकी दोन पदरी होत होता आणि कठड्याची भिंत वाहनाच्या वाटेत आलेली होती. चालकाची घाई, प्रवाशांचा न लावलेला पट्टा आणि पुलाचा कठडा, ही तिन्ही कारणे एका क्षणी एकत्र आली. यांपैकी एक जरी दूर असते, तरी परिणाम कदाचित वेगळा दिसला असता.

मराठवाड्याने तर हे दुःख घरात भोगले आहे. ३ जून २०१४ रोजी गोपीनाथराव मुंडे यांना दिल्लीतील अपघातात आपण गमावले, तेव्हा तेही मोटारीच्या मागच्या आसनावर होते. मागे बसणाऱ्याला पट्ट्याची गरज नसते, हा समज आपण त्यानंतर तरी सोडला काय?

गीतेतील पाच कारणे

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. ही पाच कारणे असताना जो केवळ एकालाच कर्ता मानतो, त्याला यथार्थ दिसत नाही, असेही तेथे म्हटले आहे. तो विचार आत्मज्ञानाच्या संदर्भातला आहे, हे मी जाणतो. तरीही अपघाताच्या चौकशीला याहून नेमकी चौकट मला सापडलेली नाही. आपण काय करतो? पाचातला कर्ता उचलतो आणि त्याला तुरुंगात पाठवतो. किंवा पाचवे दैव पुढे करतो आणि सर्वांनाच सोडून देतो. मधली तीन कारणे तशीच राहतात आणि पुढच्या बळीची वाट पाहतात.

अधिष्ठान म्हणजे रस्ता. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्याला विसरता येणार नाही. सास्तूरपासून किल्लारीपर्यंत गावे भुईसपाट झाली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या वेळी मदतीला धावलेल्या स्वयंसेवकांनी ढिगारे उपसताना एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. माणसांना मारले ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या भाराने. भूकंप टाळणे कोणाच्या हाती नव्हते. भिंत कशी बांधावी हे हाती होते. म्हणून पुनर्वसनाची घरे निराळ्या पद्धतीने बांधली गेली. रस्त्याचेही तसेच आहे. माणूस चुकणार, त्याला डुलकी लागणार, हे धरूनच रस्ता बांधायचा असतो. चूक झाली तरी तिची शिक्षा मृत्यू ठरू नये, हे रस्ता बांधणाऱ्याचे कर्तव्य आहे.

प्रत्यक्षात काय घडते? राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले की ते ‘अपघातप्रवण स्थळ’ मानावे, अशी व्याख्या केंद्रीय मंत्रालयाने केली होती. याचा सरळ अर्थ असा की, दुरुस्तीचा विचार सुरू होण्यासाठी आधी माणसांनी मरावे लागते. दुभाजक कोठे तोडला आहे आणि कोणत्या फाट्यावर दिवा नाही, हे गावातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. रस्त्याच्या रचनेचे व देखभालीचे निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. परंतु तराजू पाहा. हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल चालकाला भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमानुसार पाच वर्षांपर्यंत कारावास; रस्ता बांधणाऱ्याला दंड, तोही फार तर एक लाख.

कर्ता म्हणजे चालक. त्याला मी निर्दोष ठरवत नाही. मद्य घेऊन, भ्रमणध्वनी कानाला लावून वा विरुद्ध दिशेने वाहन हाकणाऱ्याची गय होता कामा नये. परंतु १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा घालून दिली होती. ती ट्रकच्या केबिनमध्ये कितपत पोहोचली? मध्यम व जड ट्रकमध्ये वातानुकूलित केबिन बंधनकारक होण्यासाठी ऑक्टोबर २०२५ उजाडावा लागला. ‘उद्या सकाळी माल हैदराबादला पोहोचलाच पाहिजे’ असे ज्याने सांगितले, त्याचे नाव पंचनाम्यात कधीच येत नाही. पहाटे तीन वाजता येडशीच्या घाटात डोळे मिटतात ते चालकाचे. ती वेळ ठरवणारा मालक घरी झोपलेला असतो.

करण म्हणजे साधन, अर्थात वाहन आणि त्यातील यंत्रणा. येथे निर्माता व विक्रेता उत्तरदायी आहेत. २०२२ च्या एप्रिल महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ह्युंदाई कंपनीविरुद्धच्या एका प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत. ग्राहक म्हणजे काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नव्हे. धडकेच्या वेगाचे व बलाचे गणित त्याने मांडावे अशी अपेक्षा करता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. भरपाईचा आदेश कायम राहिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर सदोष रचना आणि अपुरी सूचना यांसाठीही निर्मात्याला जबाबदार धरण्याची तरतूद आहे. जाहिरातीत ‘गाडी स्वतःच सांभाळते’ असा भास निर्माण करायचा आणि पुस्तिकेच्या बारीक अक्षरांत ‘सर्व जबाबदारी चालकाची’ असे छापायचे, हा व्यवहार यापुढे चालू देता कामा नये.

येथे देशानुकूलतेचाही प्रश्न आहे. परदेशातून आलेली गोष्ट आपल्या देशाला अनुकूल करून घ्यावी, हा पं. दीनदयाळ उपाध्याय यांचा आग्रह आपणा सर्वांस परिचित आहे. टेंपीच्या त्या मोटारीला पट्ट्याबाहेरून चालणारी एक स्त्री ओळखता आली नाही. आपल्याकडे नवरात्रापूर्वी तुळजापूरहून भवानीज्योत घेऊन तरुण रात्रभर धावत असतात. आश्विन पौर्णिमेला सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी चालणाऱ्यांनी असा भरतो की वाहतूक दुसरीकडे वळवावी लागते. पट्टे पुसट झालेले, समोरून उलट दिशेने दुचाकी येणारी, मध्येच गुरे बसलेली, असा हा रस्ता आहे. आपले अभियंते, आपली विद्यापीठे यांनी या रस्त्यासाठी यंत्राची नजर घडवली पाहिजे आणि तिची परीक्षाही याच रस्त्यावर घेतली पाहिजे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या वाहन सुरक्षा मूल्यांकनामुळे मोटारीच्या मजबुतीचे भारतीय मोजमाप आपल्याकडे आले. त्याच आत्मविश्वासाने पुढचे पाऊल टाकायचे आहे.

चेष्टा आपल्या सर्वांच्या

चौथे कारण नाना चेष्टांचे. गळीत हंगाम सुरू झाला की ढोकी, रांजणी, कळंबच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर तो उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला, आणि पंक्चर झाली की ट्रॉली रस्त्यातच उभी. मागून ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. चालकाच्या ध्यानी येऊन गाडी थांबेपर्यंत साधारण १०० मीटर अंतर कापले जाते. मंद प्रकाशझोतात तेवढे अंतर दिसतच नाही. अशा वेळी यंत्रणा वाचवील, असे कोणी मानू नये. वेगात असताना उभे वाहन ओळखता येईलच असे नाही, अशी सूचना अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांतच असते. लाखोंची यंत्रणा जेथे कमी पडते, तेथे थोड्या रुपयांची लाल चमकती पट्टी जीव वाचवते.

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होती आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालत होती. सहायक यंत्रणा ज्यांच्याकडे आहे असे हे लोक नव्हेत. म्हणून या तंत्रज्ञानाचे मूल्य ठरवताना पहिला प्रश्न असा विचारावा : गाडीबाहेरच्या माणसाला ते वाचवते काय? आतल्याला निश्चिंत करून बाहेरच्याचा धोका वाढवणारी सोय ही प्रगती नव्हे.

पाचवे कारण दैव. गीतेने ते नाकारलेले नाही. परंतु ते पाचव्या स्थानी ठेवले आहे. आधीची चार कारणे तपासून झाल्यावरच त्याचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार पोहोचतो.

काय करता येईल?

शासनाकडून दोन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. प्राणांतिक अपघातात वाहनातील नोंदी ताब्यात घेऊन त्यांचा अभ्यास करणारी स्वतंत्र यंत्रणा हवी. ज्याच्यावर ठपका येऊ शकतो, त्या कंपनीच्याच अहवालावर विसंबणे योग्य नव्हे. आणि पंचनाम्यात रस्ता, वाहन, कामाचे तास यांच्यासाठी स्वतंत्र रकाने हवेत. ते भरल्याशिवाय चौकशी पूर्ण झाली असे मानू नये.

परंतु सारे शासनावर सोपवणे ही आपली कार्यपद्धती नाही. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावाजवळच्या फाट्याचा नकाशा काढावा, तुटलेला दुभाजक आणि बंद दिवा टिपून लेखी निवेदन द्यावे, त्याची पोच घ्यावी. उद्या तेथे दुर्दैवी घटना घडली, तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे कोणाला म्हणता येणार नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी ट्रॉल्यांना चमकत्या पट्ट्या लावण्याचे काम तरुणांनी हाती घ्यावे. पट्टी नसलेली ट्रॉली वजनकाट्यावर घेणार नाही, असा नियम करण्यास कारखान्यांना विनंती करावी. भवानीज्योतीच्या प्रत्येक पथकात चमकत्या पट्ट्यांची जाकिटे असावीत. ज्या घरात नवी मोटार येईल, तेथे पूजेच्या दिवशी नारळ फोडण्यापूर्वी यंत्रणेच्या मर्यादा सांगणारे पान सर्वांनी मिळून वाचावे आणि मागच्या आसनावरचा पट्टा आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी लावावा.

आणि अपघात झालाच, तर थांबावे. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ कलमान्वये संरक्षण दिले आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांवर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची योजनाही लागू झाली. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती आता कारण म्हणून पुरेशी नाही. भ्रमणध्वनीवर चित्रीकरण करणारे हात रुग्णवाहिकेपर्यंत जखमीला उचलून नेण्यास पुढे आले पाहिजेत.

यंत्र आपल्याला इशारा देईल, ब्रेकही लावील. परंतु ट्रॉलीला पट्टी बांधणार नाही, चालकाला झोप देणार नाही, पुलाचा कठडा मागे सरकवणार नाही. ती कामे माणसांची आहेत आणि त्या माणसांत आपण आहोत. येत्या हंगामाला अवकाश थोडा आहे. आपल्या गावच्या फाट्यापासून आरंभ करावा, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.